पेशींच्या पुरचुंड्या: अंडाशयाच्या कर्करोगात रक्तवाहिन्या वाढवणारे एक्झोसोम

पोट जड वाटते, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे होते, परकराची नाडी दर आठवड्याला थोडी सैल बांधावी लागते, पण चेहरा आणि हातपाय मात्र वाळत चाललेले असतात. घरात ओवा, हिंग, जिऱ्याचे पाणी सुरू होते, 'गॅसेस झाले असतील' असे म्हणता म्हणता दोन-तीन महिने निघून जातात आणि मग सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ आणि पोटात पाणी दिसते. अंडाशयाच्या कर्करोगाचे निदान फार मोठ्या संख्येने अशाच वाटेने होते, म्हणजे आजार पोटभर पसरल्यावर. जगभरात दरवर्षी ३ लाखांहून अधिक स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि सुमारे २ लाख स्त्रिया त्यात दगावतात. भारतात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांची संख्या ४५ हजारांच्या पुढे आहे. पोटात साचणाऱ्या त्या पाण्याला आपण जलोदर म्हणतो. हे पाणी येते कुठून आणि ती गाठ स्वतःचे पोषण करते कशी, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे रक्तवाहिन्यांपाशी येऊन मिळतात, आणि गेल्या वीसेक वर्षांत असे लक्षात आले आहे की या रक्तवाहिन्या वाढवण्याच्या कामात एक्झोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांचा मोठा हात आहे. हा विषय प्रयोगशाळेबाहेर फारसा बोलला जात नाही, पण एक महागडे औषध काही रुग्णांत अपुरे का पडते याचा एक धागा त्यातूनच सापडतो.

शरीरातल्या कोणत्याही पेशीला जगायचे असेल तर रक्तवाहिनी तिच्यापासून फार लांब असून चालत नाही. प्राणवायू रक्तातून झिरपत साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरपर्यंतच पोहोचतो. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. याचा अर्थ कर्करोगाची गाठ एक-दोन मिलिमीटरची झाली की तिच्या मध्यभागी उपासमार सुरू होते. पुढे वाढायचे तर स्वतःपर्यंत नव्या केशवाहिन्या ओढून आणण्यावाचून तिला पर्याय नसतो. अमेरिकेतील बॉस्टनचे शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली हा विचार स्पष्टपणे मांडला आणि त्यापुढे जाऊन असे सुचवले की गाठीला थेट मारण्याऐवजी तिची रसद तोडता येईल. त्या काळी अनेकांना ते पटले नव्हते. आज कर्करोगावरील औषधांचा एक संपूर्ण वर्ग त्याच विचारावर उभा आहे.

इथे अंडाशयाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण माझ्या मते तिच्याशिवाय पुढचे नीट कळत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात नव्या रक्तवाहिन्या सहसा तयार होत नाहीत. जखम भरून येत असते तेव्हाचा अपवाद सोडला तर वाहिन्यांच्या पेशी वर्षानुवर्षे शांत असतात. स्त्रीचे अंडाशय मात्र याला ठळक अपवाद आहे. दर महिन्याला बीज बाहेर पडले की त्या रिकाम्या जागी पीतपिंड तयार होतो, त्यात काही दिवसांतच केशवाहिन्यांचे दाट जाळे विणले जाते आणि गर्भ राहिला नाही तर ते जाळे ओसरूनही जाते. नव्या वाहिन्या उभ्या करण्याची सारी रासायनिक भाषा या भागाला आधीपासून अवगत असते. कर्करोग ती भाषा नव्याने शोधत नाही. तो ती वापरतो, फक्त थांबण्याचा भाग त्यातून गळून पडलेला असतो.

त्या भाषेतला सर्वांत महत्त्वाचा शब्द म्हणजे व्हीईजीएफ हे प्रथिन. त्याच्या शोधाची सुरुवात योगायोगाने जलोदरापासूनच झाली. बॉस्टनमध्ये हॅरॉल्ड ड्व्होराक आणि त्यांचे सहकारी गिनीपिगच्या पोटात साचणाऱ्या कर्करोगजन्य पाण्याचा अभ्यास करत होते. रक्तवाहिन्यांच्या भिंती गळक्या करणारा एक पदार्थ गाठीच्या पेशी बाहेर सोडतात, असे त्यांनी १९८३ साली दाखवले. पुढे १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा आणि त्यांच्या गटाने रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींना वाढायला लावणारे एक प्रथिन वेगळे केले, आणि हे दोन्ही एकच असल्याचे निष्पन्न झाले. एकाच प्रथिनाचे दोन गुण: वाहिन्या वाढवणे आणि त्यांना गळके करणे. अंडाशयाच्या कर्करोगात गाठीची वाढ आणि पोटातले पाणी हातात हात घालून येतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे. लसिकावाहिन्या गाठीच्या पेशींनी तुंबतात आणि पाण्याचा निचरा होत नाही, हे दुसरे.

नवी वाहिनी तयार होते ती जुन्या वाहिनीच्या अंगातून, झाडाच्या फांदीला धुमारा फुटावा तशी. वाहिनीच्या आतल्या बाजूला चपट्या पेशींचे एकपदरी अस्तर असते. व्हीईजीएफ त्या पेशींवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, येऊन भिडले की त्यांतली एखादी पेशी पुढारपण घेते, बाहेरच्या आधारपटलाला विरघळवणारी विकरे सोडते आणि ज्या बाजूने निरोप येतो आहे त्या बाजूला सरकू लागते. मागच्या पेशी विभाजित होत तिच्यामागे रांग धरतात आणि त्या रांगेतून पोकळ नळी तयार होते. निरोगी जागी या नळीला बाहेरून आधार देणाऱ्या पेशी येऊन बसतात आणि काम संपते. गाठीच्या ठिकाणी निरोप थांबतच नाही, त्यामुळे नळ्या वेड्यावाकड्या, अर्धवट आणि पाझरणाऱ्या राहतात.

आता प्रश्न असा की हा निरोप गाठीपासून अस्तराच्या पेशींपर्यंत जातो कसा. फार काळ उत्तर सरळ होते: गाठीच्या पेशी व्हीईजीएफ सुटे सोडतात आणि ते द्रवातून वाहत जाते. हे खरेच आहे, पण अपुरे आहे, आणि उरलेला भाग एक्झोसोमांनी भरून काढला.

एक्झोसोमांची पहिली ओळखही १९८३ सालचीच. कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टन यांचा गट आणि अमेरिकेत सेंट लुइस येथे फिलिप स्टाल यांचा गट, दोघेही पक्व होत असलेल्या तांबड्या रक्तपेशींचा अभ्यास करत होते. पक्व होताना ही पेशी लोह आत घेण्यासाठी वापरलेली प्रथिने टाकून देते, आणि ती अशी सुटी न टाकता बारीक पिशव्यांत बांधून बाहेर टाकते, असे त्यांना दिसले. 'एक्झोसोम' हे नाव जॉनस्टन यांनी १९८७ मध्ये रूढ केले. त्यानंतर बरीच वर्षे लोकांनी याकडे पेशीचा केरकचरा म्हणूनच पाहिले. १९९६ मध्ये प्रतिकारशक्तीच्या पेशींचे एक्झोसोम दुसऱ्या पेशींना चेतवू शकतात असे दिसले, आणि २००७ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनी त्यांच्यात आरएनए, म्हणजे जनुकांतल्या सूचनेची नक्कल, सापडतो व तो दुसऱ्या पेशीत जाऊन कामही करतो असे दाखवले, तेव्हा कुठे चित्र पालटले. केर म्हणून ज्याकडे पाहिले ती चीजवस्तू बांधलेली पुरचुंडी होती.

ही पुरचुंडी बांधली जाते ती पेशीच्या आत. पेशीचे आवरण ठिकठिकाणी आत वळते आणि त्यातून आत एक मोठी पिशवी तयार होते. त्या पिशवीच्या भिंतीला आतल्या बाजूने पुन्हा बारीक बारीक फुगे येतात आणि तुटून तिच्या पोटात पडतात. मग ती भरलेली मोठी पिशवी पेशीच्या कडेला येऊन बाह्य आवरणाशी एकरूप होते आणि तिच्या पोटातले फुगे बाहेर सांडतात. तेच एक्झोसोम. त्यांचा व्यास साधारण ३० ते १५० नॅनोमीटर असतो. १०० नॅनोमीटरचे सत्तरेक एक्झोसोम एका रांगेत ठेवले तर एका तांबड्या पेशीची रुंदी भरते. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसत नाहीत. लेझरचा झोत टाकून पाहिले तर त्यांच्यावरून विखुरलेला प्रकाश तेवढा दिसतो: काळ्या पार्श्वभूमीवर थरथरणारे, एका जागी न ठरणारे शेकडो पांढरे ठिपके. त्या थरथरीच्या वेगावरून यंत्र प्रत्येकाचे आकारमान काढते. असे असले तरी बाहेर आलेली एखादी पिशवी याच मार्गाने बनली की पेशीच्या कडेवरून थेट तुटून आली, हे नंतर सांगणे अवघड असते. म्हणून या क्षेत्रातले सावध लोक आता 'पेशीबाह्य लहान पिशव्या' असा व्यापक शब्द वापरतात. मी इथे रूढ शब्द ठेवला आहे, पण ही मर्यादा वाचकाने ध्यानात ठेवावी.

या पुरचुंडीत प्रथिने असतात, स्निग्ध पदार्थ असतात आणि आरएनएचे तुकडे असतात, विशेषतः मायक्रो-आरएनए, जे दुसऱ्या पेशीतल्या ठराविक जनुकांचा आवाज दाबतात. उघडा आरएनए रक्तात सोडला तर तेथील विकरे त्याचे पाहता पाहता तुकडे करतात. दुपदरी आवरणात गुंडाळलेला आरएनए मात्र टिकतो, दूरवर जातो आणि आवरणासकट दुसऱ्या पेशीत शिरतो. अंडाशयाच्या कर्करोगात तर या प्रवासासाठी आयते पाणी उपलब्ध असते. हा कर्करोग फुप्फुसाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगासारखा मुख्यतः रक्तावाटे पसरत नाही. त्याच्या पेशी पोटाच्या पोकळीत गळतात, जलोदराच्या पाण्याबरोबर फिरतात आणि आतड्यांवर पदरासारखा लोंबणाऱ्या ओमेंटम या चरबीच्या थरावर किंवा उदराच्या अस्तरावर जाऊन रुजतात. त्याच पाण्यात त्यांनी सोडलेले असंख्य एक्झोसोमही असतात.

गाठीच्या आत प्राणवायू कमी पडू लागला की अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशी अधिक एक्झोसोम सोडतात, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे ज्या घडीला गाठीला नव्या वाहिन्यांची सर्वाधिक निकड असते, नेमक्या त्याच घडीला पुरचुंड्यांची संख्याही वाढते. त्या पुरचुंड्यांत काय असते याची उदाहरणे आता बरीच जमली आहेत. चीनमधील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले की अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींतून आलेला मायक्रो-आरएनए-२०५ वाहिनीच्या अस्तराच्या पेशीत शिरून पीटेन नावाच्या प्रथिनाला दाबतो. पीटेन हा पेशीच्या वाढीवरचा लगाम आहे. तो सैल पडला की एकेटी नावाची वाढीची साखळी मोकळी सुटते आणि पेशी धुमारे फोडू लागते. २०१८ मध्ये मॅलॅट-१ या लांब आरएनएबद्दल असाच अनुभव आला: एक्झोसोमांतून तो अस्तराच्या पेशींत पोहोचला की वाहिन्या वाढवणारी जनुके जागी होतात, आणि ज्या रुग्णांच्या रक्तातील एक्झोसोमांत तो जास्त होता त्यांचा आजार पुढे अधिक गंभीर झालेला आढळला.

हाँगकाँगमध्ये २०१८ साली झालेले काम मला याहून वेगळे आणि अधिक विचार करायला लावणारे वाटते. ई-कॅडहेरिन हे पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारे प्रथिन आहे. त्याचा बाहेरचा तुकडा तुटून सुटा होतो आणि रुग्णांच्या जलोदरात भरपूर सापडतो. हा तुकडा एक्झोसोमांच्या पृष्ठभागावर बसून अस्तराच्या पेशींपर्यंत जातो, तिथल्या सख्ख्या जातीच्या दुसऱ्या कॅडहेरिनशी जोडी जमवतो आणि व्हीईजीएफची वाट न पाहता वाहिन्या वाढवणारा संकेत सुरू करतो. म्हणजे रसदीचा एक रस्ता अडवला तरी दुसरा उघडा असतो.

हे सगळे 'दाखवले' म्हणजे नेमके काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेतील शिरेच्या आतल्या अस्तराच्या पेशी काढून वाढवतात आणि प्लास्टिकच्या लहान खळग्यात जेलीसारख्या प्रथिनांच्या थरावर पेरतात. सुरुवातीला त्या विखुरलेल्या दाण्यांसारख्या दिसतात. काही तासांत त्या लांबट होतात, एकमेकींकडे हात पसरतात आणि रात्र उलटेपर्यंत थरावर कोळ्याच्या जाळ्यासारखी षट्कोनी नक्षी उभी राहते. संशोधक या जाळ्यातल्या फांद्या आणि गाठी मोजतात. कर्करोगाच्या पेशींचे एक्झोसोम घातलेल्या खळग्यात जाळे दाट होते, एक्झोसोमांतून तो विशिष्ट रेणू काढून टाकला की ते विरळ होते. हा पुरावा चांगला आहे, पण तो खळग्यातला आहे. त्यानंतर उंदरांतले प्रयोग येतात आणि रुग्णांच्या नमुन्यांतील मोजमाप त्याच्याही पुढे येते. प्रत्येक पायरीवर खात्री थोडी थोडी वाढते, म्हणून एका प्रयोगावरून उपचाराची आशा लावणे मला योग्य वाटत नाही.

उपचाराचा मुद्दा निघालाच आहे तर बेव्हॅसिझुमॅबकडे वळू. हे व्हीईजीएफला पकडून निष्प्रभ करणारे प्रतिपिंड आहे, म्हणजे फोकमन यांच्या विचाराला आलेले फळ. अंडाशयाच्या कर्करोगात केमोथेरपीबरोबर ते दिल्याच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष डिसेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतल्या अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत १,८७३ स्त्रिया होत्या; केवळ केमोथेरपी घेणाऱ्यांत आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ १०.३ महिने होता, तर बेव्हॅसिझुमॅब केमोथेरपीनंतरही चालू ठेवलेल्या गटात तो १४.१ महिने झाला. एकूण आयुष्यमानात मात्र सर्व रुग्ण मिळून लक्षणीय फरक दिसला नाही. केमोथेरपीतल्या प्लॅटिनमच्या औषधांना दाद न देणाऱ्या आजारात या औषधाने पोटातले पाणी कमी केले आणि सुई घालून ते पुन्हा पुन्हा काढण्याची वेळ कमी वेळा आली. ज्यांनी घरात जलोदराचा त्रास पाहिला आहे त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. दुसऱ्या बाजूला रक्तदाब वाढणे, लघवीतून प्रथिने जाणे, जखमा उशिरा भरणे आणि क्वचित आतड्याला छिद्र पडणे असे धोकेही त्यात आहेत. औषधाचा परिणाम होतो, पण तो टिकत नाही. का टिकत नाही, हा प्रश्न तेव्हापासून सगळ्यांना छळतो आहे.

अमेरिकेतील ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील संशोधकांनी २०१९ मध्ये त्याचे एक उत्तर पुढे ठेवले. व्हीईजीएफ हे एकाच मापाचे नसते. १२१, १६५ आणि १८९ अमिनो आम्लांची त्याची रूपे नेहमी आढळतात. त्यांतले सर्वांत लांब, १८९ चे रूप, हेपॅरिनच्या जातीच्या साखरेच्या साखळ्यांना घट्ट चिकटणारे आहे. अंडाशयाच्या आणि इतर कर्करोगांच्या पेशींनी सोडलेल्या लहान पिशव्यांच्या पृष्ठभागावर अशा साखळ्या असतात, आणि १८९ चे व्हीईजीएफ त्यांच्यावर बाहेरूनच चिकटून बसते. अशा चिकटलेल्या व्हीईजीएफचे आयुष्य सुट्याहून पुष्कळच जास्त निघाले. आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: बेव्हॅसिझुमॅब त्याला निष्प्रभ करू शकले नाही. सुट्या प्रथिनाला पकडण्यासाठी घडवलेले औषध पिशवीवर बसलेल्या त्याच प्रथिनापाशी निकामी ठरले. शिवाय या पिशव्यांना अस्तराच्या पेशीत शिरायचीही गरज पडली नाही. पृष्ठभागावरचे व्हीईजीएफ बाहेरूनच रिसेप्टरला भिडले आणि निरोप पोहोचला. बेव्हॅसिझुमॅब घेणाऱ्या कर्करुग्णांत ज्यांच्या रक्तात पिशव्यांवरचे व्हीईजीएफ जास्त होते, त्यांच्यात आजार वाढत जाण्याशी त्याचा संबंध दिसला.

या एका निष्कर्षाने बेव्हॅसिझुमॅबच्या अपयशाचे संपूर्ण स्पष्टीकरण होत नाही, कारण गाठीपाशी व्हीईजीएफखेरीज इतरही संकेत असतात, ई-कॅडहेरिनचे उदाहरण वर आलेच आहे. पण त्यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. रक्तातले एकूण व्हीईजीएफ मोजून औषध कोणाला लागू पडेल हे ठरवण्याचे प्रयत्न फारसे यशस्वी झाले नाहीत. सुटे किती आणि पिशवीवर बसलेले किती हे वेगवेगळे मोजले तर कदाचित अधिक अर्थपूर्ण आकडा हाती येईल. आणि निरोप देणाऱ्याऐवजी निरोप घेणाऱ्या रिसेप्टरलाच आतून रोखणारी औषधे अशा रुग्णांत अधिक उपयोगी ठरतील का, हेही तपासण्याजोगे आहे.

एक्झोसोम म्हणजे केवळ कर्करोगाचे हस्तक, असा समज मात्र होऊ देऊ नये. निरोगी पेशीही ते सतत सोडत असतात. अंडाशयाच्या गाठीत शिरलेल्या मॅक्रोफेज या प्रतिकारपेशींचे एक्झोसोम वाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींची हालचाल उलट मंदावतात असे २०१७ मध्ये आढळले, आणि त्याच कामात असेही दिसले की कर्करोगाच्या पेशींचे एक्झोसोम ती रोख उठवतात. एकाच पेशीला दोन बाजूंनी दोन पुरचुंड्या येतात आणि शेवटी जिचा जोर जास्त तिचे चालते.

निदानाच्या बाबतीत आशा जुनी आहे. अमेरिकेतील लुइव्हिल येथे २००८ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तातील एक्झोसोमांत आठ मायक्रो-आरएनएंचा विशिष्ट नमुना सापडला आणि सीए-१२५ या नेहमीच्या रक्तचाचणीपेक्षा काही तरी अधिक भरवशाचे मिळेल असे वाटू लागले. सीए-१२५ हे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे), गर्भाशयातल्या साध्या गाठी, अगदी मासिक पाळीतही वाढू शकते, हे ज्यांनी तो अहवाल हातात घेऊन रात्र काढली आहे त्यांना ठाऊक असते. एक्झोसोमची चाचणी तरीही अद्याप नेहमीच्या तपासणीत आलेली नाही. कारण किचकट आहे, पण समजण्यासारखे आहे: रक्तातून या पिशव्या वेगळ्या करायला गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट बल पडेल इतक्या वेगाने तासन्तास नमुना फिरवावा लागतो, त्यांच्याच आकाराचे चरबीचे कण सोबत येतात, आणि प्रयोगशाळा बदलली की आकडे बदलतात. केस आणि त्वचेसाठी 'एक्झोसोम थेरपी' म्हणून जे शहरांतून विकले जाते त्याचा या संशोधनाशी काहीही संबंध नाही, आणि कर्करोगाच्या रुग्णाने तर त्यापासून दूरच राहावे. वाढीचे निरोप वाहणाऱ्या पिशव्या कुठून आल्या हे न कळता शरीरात टोचून घेण्यात शहाणपण नाही.

पोटातून काढलेले जलोदराचे पाणी सहसा गवती पिवळ्या रंगाचे असते, कधी रक्तमिश्रित. एका वेळी चार-पाच लिटरही निघते. त्यातले थोडे पेशीतपासणीला जाते आणि उरलेले टाकून दिले जाते. या विषयावर काम करणाऱ्या प्रयोगशाळा मात्र रुग्णाची संमती घेऊन ते पाणी बर्फात ठेवून आणवतात, पेशी खाली बसवून वरचा निवळ भाग उणे ८० अंशांवर जपून ठेवतात, कारण पिशवीवर बसलेले व्हीईजीएफ आणि तुटलेले ई-कॅडहेरिन ज्या द्रवात मोजायचे तो हाच आहे.